आफ्रो केसांचा उन्हाळा: न्हाण्यापासून वेण्या सोडण्यापर्यंत

आपल्याकडे मुलींच्या केसांचे तीन नियम ठरलेले असतात: रोज विंचरायचे, तेल चोपडायचं आणि वेणी घट्ट घालायची. आफ्रो केसांना, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या घट्ट कुरळ्या केसांना, हे तिन्ही नियम मारक आहेत. माझ्या लेकीचे केस तिच्या बाबावर गेलेत. तो नायजेरियाचा, तिथल्या योरुबा समाजाचा. आम्ही राहतो अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला, जिथे उन्हाळाभर पारा पस्तिशीच्या आसपास आणि दमटपणा मुंबईला लाजवेल इतका. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर अजून सांगते, "अगं, जरा घट्ट घाल, संध्याकाळपर्यंत सुटेल." नायजेरियातल्या इबादानच्या सासूबाईंचं म्हणणं नेमकं उलट. केसांच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे.

परदेशात असे केस असलेली लेकरं वाढवणाऱ्या मराठी घरांसाठी, आणि पुण्या-मुंबईत ज्यांच्या घरी किंवा पार्लरमध्ये हे केस येतात त्यांच्यासाठी, हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हे केस असे का वागतात

आफ्रो केसाचं मूळ कातडीच्या आतच वाकलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. त्यामुळे केस बाहेर पडतो तोच वळसे घेत. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. इथे ते वळणावळणांत अडकतं. एकाच डोक्यावर मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे केस सापडतात ते यामुळे. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा. कंगवा ओढला की तुटतं तिथेच.

"हिचे केस वाढतच नाहीत" हे वाक्य मी दोन्ही देशांत ऐकलंय. वाढतात, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. पण टोकाकडून तितकेच तुटत असले तर लांबी दिसणार कुठून? त्यात ते सुकताना आकसतात. ओढून धरली तर खांद्याखाली येणारी बट सुकल्यावर कानापाशी जाऊन बसते.

उन्हाळ्यात ऊन केसातलं प्रथिन कमकुवत करतं, तलावातलं क्लोरीन आणि समुद्राचं मीठ केस रखरखीत करतं, घाम टाळूवर साचतो आणि घरातला एसी उरलासुरला ओलावा खातो. अशा वेळी केस जपणारी बांधणी म्हणजे टोकं आत दडवायची, केसाला रोजच्या हाताळणीतून सुट्टी द्यायची, आणि टाळूपर्यंत पाणी व हवा पोहोचेल एवढी वाट ठेवायची. या तिसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. आणि जी बांधणी दुखते ती केस जपत नाही, मग दिसायला कितीही सुबक असो.

पश्चिम आफ्रिकेत ही विद्या फार जुनी आहे. नायजेरियातल्या नोक संस्कृतीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती दोन हजार वर्षांहून जुन्या, आणि त्यांच्या डोक्यावरच्या केशरचनाही बारकाईने घडवलेल्या. हल्लीच्या काळातलं बघायचं असेल तर जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराचे फोटो शोधा. १९६८पासून पुढे कित्येक वर्षं त्यांनी बायकांच्या केशरचना टिपल्या, पुष्कळदा पाठमोऱ्या. भांग कसा पाडायचा हे मी व्हिडिओंपेक्षा त्या फोटोंकडे बघून जास्त शिकले.

कोणती बांधणी कुणासाठी

पहिल्यांदाच हात घालत असाल तर दोनपेडी पीळ घ्या, ज्याला इथे टू-स्ट्रँड ट्विस्ट म्हणतात. तीन पेडांऐवजी दोनच, गंगावन नाही, वजन नाही, आणि दोन-तीन आठवडे सहज टिकतात. लहान मुलांना हेच उत्तम.

मूल पोहायला जात असेल तर कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या. सागरवेणी येत असेल तर अर्धं काम झालं. फरक एवढाच की यात पेड वरून न टाकता खालून घ्यायचे असतात, म्हणजे वेणी उठून दिसते. स्वतःच्या केसांच्या कॉर्नरो दोन आठवडे ठेवाव्यात. सगळ्या वेण्या खालून वर नेऊन माथ्यावर गोळा केल्या की योरुबांची शुकू होते. उन्हाळ्यात मान मोकळी राहते म्हणून ती माझी लाडकी. फक्त मानेकडचे केस वर ओढले जातात, तिथे हात हलका ठेवा.

महिनाभर प्रवास असेल, केसांकडे बघायला वेळच नसेल, तर मोठ्या मुलींसाठी आणि बायकांसाठी नॉटलेस वेण्या: गंगावन घालून, पण मुळाशी गाठ न मारता. सहा आठवडे, फार तर आठ. नेहमीच्या बॉक्स ब्रेड्समध्ये मुळाशीच गंगावनाची गाठ बसते आणि सगळं वजन त्या एका जागी येतं, म्हणून मी नॉटलेसच सुचवते.

फॉक्स लॉक्स (नकली जटा), क्रोशे (आकड्याने ओवलेलं गंगावन), वीव्ह (शिवून बसवलेलं गंगावन) हे सगळं दिसतं छान, पण ३८ अंशांत डोक्यावर गोधडी कशाला? थंडीसाठी ठेवा.

पायरी १: आधी गुंता, मग पाणी

आठवडाभर लागणारं सामान एकदाच जमवा: स्प्रेची बाटली, रुंद दातांचा कंगवा, भांगासाठी शेपटीवाला कंगवा, मोठ्या क्लिपा, घसरडा कंडिशनर, सल्फेट नसलेला शाम्पू, शिया बटर किंवा कुठलंही दाटसर केसांचं क्रीम, सॅटिनची टोपी. टर्किश टॉवेल नको, त्याच्या सुतांत केस अडकतात. जुना सुती टी-शर्ट किंवा आपला पंचा त्यापेक्षा कितीतरी चांगला.

हे केस कोरडे कधीच विंचरायचे नाहीत. डोक्याचे चार भाग करा, केस दाट असतील तर सहा-आठ, आणि प्रत्येक भाग क्लिपेत अडकवा. एक भाग सोडा, पाण्याचा फवारा मारा, कंडिशनर मळा आणि आधी बोटांनी गुंता सोडवा. सुरुवात टोकापासून. टोकाचे चार बोटं मोकळे झाले की थोडं वर, मग आणखी वर. बट मुळाशी दुसऱ्या हाताने धरून ठेवली की ओढ टाळूपर्यंत जात नाही आणि मूल रडत नाही. बोटांचं काम संपल्यावर कंगवा, तोही टोकाकडूनच. भाग मोकळा झाला की त्याचा सैल पीळ घालून पुढच्या भागाकडे वळा.

खोबरेल तेलाची जागा इथे, न्हाण्याच्या आधी. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातलं प्रथिन कमी झिजू देण्यात खोबरेल सरस ठरलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. न्हाण्याआधी तासभर केसांना, विशेषतः टोकांना, लावा. म्हणजे आईचंही मन राहतं.

पायरी २: न्हाणं

शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. नखं नाहीत, आणि केस डोक्यावर गोळा करून घुसळणं तर नाहीच. पीळ न सोडताच धुवा. फेस खाली वाहताना केस आपोआप साफ होतात. शिकेकाई-रिठ्याची भुकटी या केसांत अडकून बसते आणि केस आणखी कोरडे करते, ती टाळा.

नंतर दाट कंडिशनर भरपूर लावून, वर प्लास्टिकची टोपी घालून वीस-तीस मिनिटं ठेवायचं. धुताना पाणी कोमट. टोकांना बारीक गाठी दिसल्या तर ओढत बसू नका, तेवढी गाठ धारदार कात्रीने कापा. फाटलेलं टोक बांधणीत दडवलं तरी वर-वर फाटत जातं.

पायरी ३: पाणी आत, तेल बाहेर

तेलाने ओलावा मिळतो असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. तेलात पाणी नसतं. ते फक्त आतलं पाणी उडू देत नाही, आणि आत पाणीच नसेल तर कोरडेपणावर झाकण बसतं एवढंच. म्हणून क्रम असा: केस ओले असतानाच धुवून न टाकायचा पातळ कंडिशनर, त्यावर क्रीम, आणि शेवटी तेल किंवा शिया बटर, तेही तळहातावर वितळवून, मुख्यतः टोकांना. दमट हवेत शिया बटर हरभऱ्याएवढं पुरतं. जास्त झालं तर पीळ चिकट होतात आणि उशीला वास लागतो.

ग्लिसरीनवाल्या क्रीमपासून पावसाळी, दमट दिवसांत जरा लांब. ते हवेतलं पाणी ओढतं, केस फुगून आकसतात आणि सकाळची बांधणी दुपारी विस्कटते.

टाळूला तेल चोपडू नका. उन्हाळ्यात घाम आणि तेल एकत्र साचलं की कोंड्याला कारण असलेल्या बुरशीला मेजवानीच. आपल्याकडे कोंडा दिसला की तेल वाढवतात, म्हणजे आगीत तेलच.

पायरी ४: ताणून सुकवणं

आकसलेल्या केसांत भांग नीट पडत नाही आणि गुंता लवकर होतो. म्हणून सुकताना ते ताणून ठेवायचे. ड्रायर वापरायचाच तर मंद उष्णतेवर. पण माझ्या मते सासूबाईंची रीत त्याहून बरी: इरुन कीको, म्हणजे दोऱ्याने केस गुंडाळणं. जरा ओलसर केसांचे दहा-बारा भाग करायचे, प्रत्येक भागाला मुळाशी काळा जाड दोरा दोन-तीन वेढ्यांनी धरवायचा आणि मग टोकापर्यंत तिरके, जवळजवळ वेढे देत जायचं. शेवटी गाठ. डोक्यावर काड्या उभ्या राहिल्यासारखं दिसतं आणि लेकीला ते भयंकर आवडतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी दोरा सोडला की केस उष्णतेशिवाय लांब झालेले असतात. मुळाशी दोरा आवळू नका, फक्त धरवा. दोरा साधा सुती चालतो, पण मऊ लोकर जास्त बरी.

केस आणि टाळू पूर्ण सुकल्याशिवाय गंगावन घालून वेण्या घालू नयेत. आत ओल राहिली तर चार दिवसांत कुबट वास येतो आणि मग सगळं सोडण्यावाचून इलाज नसतो. नुसत्या पिळांना किंचित ओलसरपणा चालतो.

पायरी ५: भांग आणि दोनपेडी पीळ

मागून सुरुवात करा. मानेजवळ कानापासून कानापर्यंत आडवा भांग पाडा, वरचे केस क्लिपेत. या ओळीचे चौकोन करा, साधारण दीड ते दोन सेंटीमीटरचे. लहान मुलीला त्याहून मोठे चालतील. पीळ जाड असला तर ओढ कमी आणि वेळही कमी. पुढच्या ओळीचे चौकोन विटांच्या बांधकामासारखे सरकवून घ्या, म्हणजे भांगाच्या रेघा एकावर एक येऊन टाळू उघडी दिसत नाही.

चौकोनातली बट पुन्हा एकदा बोटांनी मोकळी करा, जराशी क्रीम लावा, दोन सारखे पेड करा. आता युक्ती अशी: प्रत्येक पेडाला बोटांत उजवीकडे पीळ देत जायचं आणि दोन पेड एकमेकांवर डावीकडे टाकायचे. दोन्ही एकाच दिशेने फिरवले तर पीळ उलगडतो, दोरखंड वळताना जसं होतं तसंच. मुळाशी पहिले दोन वेढे सैल, मग मध्ये थोडा भक्कम हात. शेवटचा इंचभर बोटावर गुंडाळून सोडला की टोक आपोआप वळतं आणि रबरबँड लागत नाही.

कपाळाच्या कडेचे आणि कानामागचे बारीक केस पिळात ओढून घेऊ नका. ते बाहेर राहू देत. फोटोत जरा विस्कटलेलं दिसेल, दिसू दे. हेच केस सगळ्यांत आधी जातात आणि सगळ्यांत शेवटी परत येतात, आले तर.

बांधून झालं की सासूबाई नातीला समोर उभी करतात आणि म्हणतात, "भुवया उंचव. आता हस. आता मान खाली." भुवया वर जाताना कपाळाची कातडी ताणली गेली, किंवा मान खाली करताना मागे टोचलं, तर तेवढी ओळ तिथल्या तिथे सोडून पुन्हा घालायची. वेणीच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या, टाळू तंबूसारखी वर उचललेली दिसली, तरी तेच. "दोन दिवसांत सैल होईल" हे वाक्य वेण्या घालणाऱ्या दुकानांत सर्रास ऐकू येतं. दुखणं थांबवायला गोळी घ्यावी लागत असेल तर ती वेणी सोडायचीच.

गंगावनाच्या वेण्या: दुकानात जाण्यापूर्वी

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला बिसोनेट रस्त्याच्या परिसरात नायजेरियन वस्ती मोठी आहे आणि वेण्या घालणाऱ्या बायका सहज भेटतात. टेक्सासमध्ये या कामाला परवाना लागत नाही. डॅलसच्या आयसिस ब्रँटली यांना १९९७ साली परवान्याशिवाय वेण्या घातल्या म्हणून अटक झाली होती. त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१५ साली राज्याने ही अटच काढून टाकली. आजी-आईकडून आलेल्या कलेला सरकारी शिक्का कशाला, हे मला पटतं. पण त्यामुळे कंगवे धुतले जातात का, टॉवेल स्वच्छ आहे का, हे आपणच डोळ्यांनी बघायचं.

गंगावन बहुधा कॅनेकॅलॉन या कृत्रिम धाग्याचं असतं. त्यावरच्या लेपामुळे पुष्कळांची टाळू दोन दिवसांत खाजायला लागते आणि दोष येतो वेण्यांना. आदल्या दिवशी एक भाग ॲपल सायडर व्हिनेगर आणि तीन-चार भाग पाणी असं मिश्रण करून त्यात पुडे बुडवून ठेवा. अर्ध्या तासात पाण्यावर पांढुरकी साय दिसेल. मग साध्या पाण्याने खळबळून, न विंचरता, टांगून सुकवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत खपणाऱ्या डार्लिंग या गंगावनाच्या ब्रँडमध्ये २०११ साली मुंबईच्या गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने बहुसंख्य हिस्सा विकत घेतला, हे कळल्यावर सासूबाई माझ्याकडे जरा आदराने बघायला लागल्या.

खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी ठरवून सांगा. वेण्या मध्यम जाडीच्या; फार बारीक म्हणजे प्रत्येक मुळाशी मोजकेच केस आणि त्यांवर सगळा भार. लांबी खांद्याच्या जरा खाली. कंबरेपर्यंतच्या वेण्या उन्हाळ्यात ओल्या झाल्या की किलोभर वाटतात. आणि कपाळाची कड मोकळी. नॉटलेसमध्ये वेणी स्वतःच्या केसांनी सुरू होते आणि गंगावन थोडंथोडं करून आत घेतलं जातं, म्हणून वेळ जास्त लागतो. चार ते आठ तास धरून चला, डबा न्या.

शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात, म्हणजे धागा सुटत नाही. ही वेळ धोक्याची आहे. मूल खुर्चीत शांत बसलेलं असावं, पाठीवर-मांडीवर जाड टॉवेल असावा आणि वेण्या लगेच टॉवेलमध्ये पिळून घ्याव्यात. चुळबुळ्या मुलांच्या बाबतीत मी ही पायरी सरळ गाळते आणि टोकाला छोटे मणी ओवते. तेही हलके, आणि एका वेणीत दोन-तीनच. खूप लहान मुलांना मात्र गंगावन घालूच नये.

पहिला आठवडाभर वेण्या माथ्यावर आंबाड्यात बांधू नका. नव्या वेण्यांची मुळं आधीच ताणलेली असतात.

बांधल्यानंतर

रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासतात. दर दोन-तीन दिवसांनी पाण्यात थोडा कंडिशनर मिसळून वेण्यांवर हलका फवारा, गंगावनापेक्षा आतल्या केसांच्या लांबीवर जास्त.

घाम आला की पुसू नका, धुवा. व्यायाम किंवा खेळ झाल्यावर टाळूवर नुसतं पाणी ओतलं तरी मीठ निघून जातं. आठवड्याने किंवा दहा दिवसांनी बाटलीत शाम्पूत भरपूर पाणी मिसळून तो भांगांतून सोडा, बोटांनी हळू चोळा, भरपूर पाण्याने धुवा. मग वेण्या पंच्यात दाबून पाणी काढा आणि मुळं पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. "वेण्या आहेत म्हणून महिनाभर न्हायलं नाही" हे उन्हाळ्यात चालत नाही.

भांगाची उघडी टाळू उन्हात भाजते, कातडीचा रंग कितीही गडद असो. भांगांवर सनस्क्रीनचा फवारा मारा किंवा सैल टोपी घाला.

पोहण्याच्या दिवशी तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब करायचे आणि कंडिशनर लावायचा. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी पितो. मग टोपी. नेहमीच्या पोहण्याच्या टोप्या या केसांवर बसतच नाहीत. सोल कॅप नावाची मोठी टोपी त्यासाठीच बनवलेली, पण टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, २०२१ साली, आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने तिला परवानगी नाकारली. बरीच टीका झाली आणि सप्टेंबर २०२२मध्ये ती मान्य झाली. आता मोठ्या टोप्या ऑनलाइन सहज मिळतात. बाहेर आल्यावर घरी जाईपर्यंत थांबू नका, तिथल्या शॉवरखालीच केस धुवा.

ऑगस्टमध्ये टेक्सासच्या शाळा उघडतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: या वेण्यांवरून शाळा काही म्हणेल का? केसांच्या पोतावरून आणि वेण्या, पीळ, लॉक्स अशा बांधणीवरून भेदभाव करायला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली सर्वांत आधी केला. टेक्सासमध्ये तो १ सप्टेंबर २०२३पासून लागू आहे. मुलग्यांच्या केसांच्या लांबीचा नियम मात्र त्यात मोडत नाही, असा निकाल इथल्या एका न्यायाधीशांनी २०२४ साली दिला. शाळेची नियमावली आधी वाचून ठेवलेली बरी.

सोडणं, ज्याची घाई सगळ्यांना होते

मुळाशी नवीन केस ठळक दिसायला लागले, मूळ लोंबायला लागलं, की वेण्या सोडायची वेळ झाली. आणखी ठेवल्या तर मुळाशी जटा धरतात.

गंगावन कुठे संपतं आणि आपला केस कुठे, हे बोटाने चाचपून त्याच्या बऱ्याच खाली कात्री लावा. वेण्या टोकाकडून उकलत या. मुळाशी करड्या रंगाची चिकट कड दिसेल: मळ, क्रीम, कातडीचे कण. ती तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी मऊ करून काढायची. आणि हे झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. आधी गुंता आणि कड, मग न्हाणं. हा क्रम उलटला की ती कड ओल्या केसांत घट्ट बसते आणि शेवटी कात्रीच लागते.

केसांचा पुंजका हातात येईल, घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं हे कुणाचंही नेहमीचं. सहा आठवडे ते वेणीतच अडकून होते, म्हणजे दोन ते चार हजार केस एकदम बाहेर पडणार. गळलेल्या केसाला एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. ठिपका नसलेले आखूड तुकडे जास्त दिसले, तर ते तुटलेले केस आहेत. पुढच्या वेळी वजन आणि ओढ दोन्ही कमी करा.

मग आठवडा-दोन आठवडे केसांना आराम. सैल पीळ किंवा नुसता आफ्रो. लगेच नव्या वेण्या नकोत, उद्या लग्न असलं तरी.

कपाळाच्या कडेला किंवा कानाजवळ केस विरळ दिसले, तिथे टाळू गुळगुळीत व्हायला लागली, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सतत ओढ बसून होणारं हे टक्कल सुरुवातीला ओढ थांबवली तर भरून येतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मूळच मरतं आणि मग कुठलंही तेल, एरंडेलसुद्धा, तिथे केस उगवू शकत नाही. पू, खपल्या, गोल चट्टे दिसले तर तो वेगळा आजार असू शकतो. घरी प्रयोग नकोत.

सुट्टीत भारतात येताना

बोअरच्या जड पाण्याने केस काथ्यासारखे होतात. शेवटचं पाणी गाळलेलं किंवा पिण्याचं घ्या. नेहमीच्या पार्लरमध्ये "स्मूदनिंग करून टाकू" असा सल्ला मिळेल, त्याला हसून नकार द्या. अशा काही रसायनांतून गरम करताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, लहान मुलांच्या डोक्यावर ती अजिबात नको. वेण्या घालणारं कुणी हवं असेल तर पुण्यात आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या विद्यार्थिनींमध्ये चौकशी करा. हात बसलेली एखादी नक्की भेटते, आणि तिच्या कष्टाचे पैसे घासाघीस न करता द्या.

गंगावनाचे पुडे मात्र बॅगेत घालूनच न्या. आपल्या बाजारातलं गंगावन सरळ आणि गुळगुळीत, लांब शेपट्यासाठी केलेलं असतं. आफ्रो केसाला ते धरत नाही आणि वेणी दोन दिवसांत निसटून हातात येते.